कोणाच्या उत्तरेला?

गेल्या कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर आपण दूध आटण्याची वाट पाहत बसलो होतो. आमच्या एका मित्रवर्यांनी बोलता बोलता सांगितले की, त्यांच्या नातीने मराठीत पीएच.डी. करण्याचे ठरविले असून निमाडातील मराठी घरांच्या बोलीवर ती काम करणार आहे. सर्वांनी कौतुक केले. कोणीतरी विचारले, "पुण्याला ना?" मित्रवर्य म्हणाले, "नाही, जळगावला." त्यासरशी गच्चीवर जी शांतता पसरली, ती आम्ही अद्याप विसरलेलो नाही. पाठोपाठ एक ज्येष्ठ सभासद मोठ्या सहानुभूतीने म्हणाले, "असू द्या हो. पुण्याचे पुढच्या वर्षी पुन्हा पाहता येईल." जणू मुलीचे काही हुकले होते आणि घरच्यांची समजूत घालावयाची होती.

आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. सरकारी नोकरीत तीन दशके घालविलेल्या माणसाला गप्प राहण्याची विद्या उत्तम अवगत असते. परंतु ते मौन मनाला लागून राहिले, म्हणून हा लेखप्रपंच. त्या ज्येष्ठांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचा वाद व्यक्तीशी नसून वृत्तीशी आहे, आणि ही वृत्ती आमच्याही ठायी कशी मुरलेली होती, हे पुढे येईलच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली. त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे नव्या विद्यापीठाकडे आले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हापासून कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचे म्हटले जाते. भूमी तेवढीच, नकाशावरील रेघ तेवढी वाढली. २०१८ साली विद्यापीठाच्या नावाआधी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लागले.

जळगावाहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर. सातपुड्याच्या कुशीतल्या धडगावाहून तर त्याहूनही लांब. पुण्यात राहणाऱ्याला विद्यापीठ म्हणजे वृक्षराजीत उभी असलेली दगडी इमारत वाटते. धडगावच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरील चुकलेले नाव दुरुस्त करून आणण्यासाठी बुडणारी मजुरी, एस.टी.चे भाडे आणि परक्या शहरातील एक रात्र असते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याचे शिक्षण अशा एका खेपेवरून सुटू शकते. विद्यापीठ जवळ येणे ही काही जणांना सोय वाटत असेल. अशा मुलाच्या लेखी तो शिक्षण आणि अशिक्षण यांमधला फरक आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे विद्यापीठ लहान आहे. आहेच. पण लहानमोठे ठरविण्याची मोजपट्टी कोणती? २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. अशा मुलुखात पदवीपर्यंत पोहोचलेली एक मुलगी आणि चार पिढ्या पदवीधर असलेल्या घरातील आणखी एक पदवीधर, यांची बेरीज विद्यापीठांच्या क्रमवारीत सारखीच होते. समाजाच्या हिशेबात ती सारखी नाही. आपल्या घरांतून पुण्यास गेलेली मुले पुण्याविना अडाणी राहिली नसती. जळगावचे विद्यापीठ नसते, तर सातपुड्यातील पुष्कळशी मुले तशी राहिली असती. मग मोठे काम कोणाचे?

दुसरा आक्षेप नावातील 'उत्तर' या शब्दाविषयी आहे. एका प्रांताचा कोपरा एवढीच ज्याची ओळख, त्या विद्यापीठात विश्वाची विद्या कशी नांदणार, असा तो सूर असतो. आम्ही उलट विचारतो, हे विद्यापीठ उत्तरेला आहे ते कोणाच्या? नकाशा काढून पाहावा. आपण इंदूरकर मंडळी. जळगाव आपल्या दक्षिणेला आहे. आग्रा रोडने सेंधवा ओलांडून घाट उतरला की शिरपूर, पुढे धुळे. बुऱ्हाणपूरच्या मराठी कुटुंबाला जळगाव हा शेजार आहे. 'उत्तर' हा शब्द भूमीने दिलेला नाही, तो मुंबई-पुण्यात बसून नकाशा पाहणाऱ्याने दिला आहे. कारभाराच्या भाषेत उत्तर महाराष्ट्रात नाशिकही येते, मात्र नाशिक जिल्हा आजही पुणे विद्यापीठाकडेच आहे. तेव्हा ही उत्तर दिशा सूर्यावरून ठरलेली नसून दफ्तरावरून ठरलेली आहे.

खेदाची गोष्ट ही की, महाराष्ट्राबाहेर शंभर-दोनशे वर्षे राहिलेल्या आपण मंडळींनीही ती दिशा डोळे झाकून स्वीकारली. पुण्याची माणसे आपल्या मराठीला हसतात, 'आपलं येणं झालं का' असे म्हटले की हिंदी वळणाची म्हणून नाक मुरडतात, त्या वेळी आपल्याला किती राग येतो! तोच आपण जळगावचे नाव निघाल्यावर पुणेकराचा चश्मा आपल्या नाकावर चढवितो. ज्याला स्वतःला परिघावर ढकलल्याचे दुःख आहे, त्याने दुसऱ्या परिघाला हिणवावे, यासारखी विसंगती नाही.

शिवाय खानदेश आपल्याला परका कधी होता? फारुकी राजवटीत आणि पुढे मोगल सुभ्याच्या काळात खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर होती. ते शहर आज मध्य प्रदेशात आहे. खानदेशचे जुने मस्तक आपल्या राज्यात आणि धड त्या राज्यात, अशी ही स्थिती आहे. सातपुड्याच्या या अंगाला ज्यांना बारेला म्हणतात, त्यांच्याच सोयऱ्यांना त्या अंगाला पावरा म्हणतात. राज्याची सीमा त्यांच्या बोलीने कधीच मान्य केलेली नाही.

विद्येच्या बाबतीतही हा मुलूख रिता नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात पडला आणि काही दिवसांतच, १९२७ साली, तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अमळनेरला प्रतापशेठांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. साने गुरुजी त्याच अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. २०२४ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. ज्ञानपीठाचा मान मिळालेले भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे. एवढी पूर्वपीठिका असलेल्या भूमीला विद्यापीठ मिळावयास १९९० साल उजाडावे लागले, याचे आश्चर्य कोणाला वाटत नाही. मिळाले ते लहान आहे, एवढेच दिसते.

तिसरा आक्षेप उघडपणे फारसा कोणी बोलत नाही, पण खासगीत ऐकू येतो. निरक्षर बाईचे नाव विद्यापीठाला! हे म्हणणारी माणसे बहिणाबाईंच्या ओळी मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी पाठ करवून घेतात, हे विशेष. बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी जन्मल्या आणि १९५१ साली निवर्तल्या. त्यांना अक्षर लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेली गाणी घरच्या मुलांनी टिपून ठेवली. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. ज्या विद्यापीठाच्या दारी पहिल्यांदाच अक्षर ओळखणाऱ्या घरांची मुले येतात, त्याला याहून यथार्थ नाव कोणते मिळणार होते? अक्षर न येणारी माणसे अज्ञानी असतात, हा समज त्या दारावरील पाटीच खोटा ठरविते.

मात्र येथे आम्ही विद्यापीठाच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सुनावू इच्छितो. नाव देणे सोपे असते. देवी अहिल्येच्या नावाचे विद्यापीठ आपल्या इंदुरात आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या इंदूर विद्यापीठाला १९८८ मध्ये ते नाव मिळाले. २००४ साली एका जिल्ह्यासाठी निघालेल्या सोलापूर विद्यापीठालाही २०१९ मध्ये त्याच पुण्यश्लोक स्त्रीचे नाव दिले गेले. नामकरणाचे सोहळे आपण हौसेने करतो. परंतु नाव हे ऋणपत्र असते, ते फेडावे लागते. बहिणाबाईंची भाषा अहिराणी होती असे आपल्यातील अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती जळगावकडील लेवा गणबोली. अहिराणी निराळी, तावडी निराळी; भिली, पावरी, मावची निराळ्या. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न बसविता भिल्ली भाषांच्या खंडात घातले. तो निर्णय योग्य होता की नव्हता, याची तपासणी आजही संपलेली नाही, आणि ती खानदेशात बसून करावयाची नाही तर कोठे?

हा केवळ पंडितांचा प्रश्न नाही. २००१ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी आपली भाषा खानदेशी म्हणून नोंदविली होती. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि ही बोली सांगणारे दोन लाखांहून अधिक कमी झाले. ती माणसे कोठे गेली नाहीत. त्यांनी जनगणनेच्या प्रगणकासमोर आपली बोली सांगणे सोडले. ते का सोडले, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. आपणही चारचौघांत घरची मराठी आखडती घेऊन हिंदीत बोलू लागलो, तेव्हा हेच घडले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मंडळात पेढे वाटले गेले. पण अभिजातपणाचा वृक्ष बोलींच्या मुळांवर उभा असतो. शेंड्याला पाणी घालून मुळे सुकू देणाऱ्या माळ्याला काय म्हणावे?

तेव्हा बहिणाबाईंच्या नावाचे कर्ज फेडावयाचे, तर तेथील भाषा अभ्यास प्रशाळेत बोलींसाठी कायम स्वरूपाची, पूर्ण वेतनाची अध्यापकपदे हवीत. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर गाडा ओढला जातो, ही गोष्ट जगजाहीर आहे. मोठ्या शहरातील विद्यापीठ हा आघात देणग्यांच्या आणि नावलौकिकाच्या बळावर काही काळ सोसू शकते. लहान विद्यापीठात एका विषयाचा एक माणूस गेला की तो विषयच जातो. शासनाने नाव दिले, पद दिले नाही, तर तो गौरव तसबिरीला घातलेल्या हाराइतकाच टिकाऊ.

याच १९९० सालची एक परदेशी हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. आमचा एक भाचा कॅनडात असतो, त्याच्यामुळे ती आमच्या वाचनात आली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात विरळ वस्ती आणि दूर दूरची गावे. उच्च शिक्षणासाठी दक्षिणेकडील व्हँकुव्हर गाठावे लागे. प्रिन्स जॉर्ज या उत्तरेच्या शहरापासून ते सुमारे पावणेआठशे किलोमीटर. एवढ्या थोड्या लोकांसाठी विद्यापीठ कशाला, असेच तेथेही म्हटले गेले. तेव्हा उत्तरेतील सोळा हजार लोकांनी विद्यापीठाच्या मागणीवर सह्या केल्या आणि प्रत्येक सहीबरोबर पाच डॉलर भरले. १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९४ मध्ये विद्यापीठाचे रीतसर उद्घाटन झाले. त्याचे बोधवाक्य लॅटिनमध्ये नाही, तेथील डाकेल या आदिवासी समाजाच्या भाषेत आहे. त्यांनी आपल्या उत्तरेची लाज बाळगली नाही. तीच नावात ठेवली आणि मुळच्या रहिवाशांची भाषा दारावर लिहिली. पाच डॉलरला फार मोल नसेल, परंतु ज्याने ते भरले त्याने नंतर त्या विद्यापीठाला 'त्यांचे' म्हटले नसेल, 'आमचे' म्हटले असेल.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही राज्य शासनाच्या एका कार्यालयात होतो. एका शासकीय महाविद्यालयातील मराठीचे अध्यापक निवृत्त झाले आणि त्या पदाची नस्ती आमच्या टेबलावर आली. मराठीचे विद्यार्थी सात. आम्ही नोटशीटवर स्वच्छ हिंदीत लिहिले की, छात्रसंख्या अल्प असल्याने हे पद अन्य विषयाकडे वळविणे उचित राहील. वरिष्ठांनी सही केली. नियमाच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. ते सात विद्यार्थी कोणत्या घरांतले होते, त्यांपैकी एखादा पुढे शिकवू शकला असता का, हे आम्ही विचारले नाही. नस्तीत त्यासाठी रकाना नव्हता. त्या गावी मराठीचा वर्ग पुन्हा भरला नाही. त्याच वर्षी आम्ही याच मंडळात मराठीच्या भवितव्यावर भाषण केले आणि टाळ्याही घेतल्या. मराठी माणसाच्या हाताने, हिंदी वाक्यात, एका मराठी पदाची इतिश्री झाली, आणि कोणाही परभाषकाला त्यासाठी बोट उचलावे लागले नाही.

म्हणून 'लहान' हा शब्द ऐकला की आम्ही दचकतो. नस्त्यांच्या जगात 'अल्प' या शब्दाचा पुढचा शब्द 'सबब' हा असतो, आणि 'सबब' नंतर काय येते, हे आम्ही स्वतःच्या अक्षरात पाहिलेले आहे. आज गच्चीवर सहानुभूतीने उच्चारलेला 'लहान' हा शब्द उद्या कोणाच्या तरी टेबलावर नोटशीट होऊन येतो.

लहान विद्यापीठे निर्दोष असतात, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच भागातली माणसे शिकणार, तीच शिकविणार आणि तीच परीक्षक होणार, अशा वर्तुळात गुणवत्ता गुदमरू शकते. शिक्षणसंस्था चालविणारे पुढारी अधिसभेतही बसतात आणि तेथे विद्येपेक्षा हितसंबंध बोलू लागतात. प्रबंधांची संख्या वाढते, त्यांचे वाचक वाढत नाहीत. हे दोष खरे आहेत. परंतु यांतील कोणता दोष मोठ्या विद्यापीठांत नाही? तेथे तो गर्दीत झाकला जातो, येथे उघडा पडतो. उपाय म्हणून बाहेरचे चांगले परीक्षक, चांगले विद्यार्थी आणि चांगले वाचक त्या वर्तुळात शिरले पाहिजेत. आपण मंडळी बाहेरून नाके मुरडत राहिलो तर ते कोठून शिरणार? मित्रवर्यांची नात जळगावला जात आहे, ती हेच करावयास जात आहे.

आणि एक काव्यगत न्याय पाहावा. २०२४ साली मध्य प्रदेश शासनाने खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भिल्ल यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू केले आणि निमाडचा मुलूख आपल्या इंदूरच्या विद्यापीठाकडून तिकडे गेला. त्या वेळी आपल्या शहरात जे उद्गार निघाले, ते आठवावेत. 'खरगोनला कसले विद्यापीठ', 'त्या पदवीला कोण विचारणार'. १९९० साली पुण्यात कोणी जळगावविषयी काही म्हटले असेल, तर ते याहून निराळे नसावे. निमाडच्या दृष्टीने आता आपणच पुणे झालो आहोत. केंद्र होण्यास मोठेपणा लागत नाही. दुसऱ्याला दूर समजले की पुरते.

तेव्हा मंडळापुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. आपल्या ग्रंथालयात कपाटेच्या कपाटे भरून जुनी मासिके, स्मरणिका आणि घराण्यांची मोडी कागदपत्रे वाळवीची वाट पाहत आहेत. त्यांची सूची करण्यासाठी जळगावच्या आणि खरगोनच्या विद्यार्थ्यांना आपण रीतसर निमंत्रण द्यावे. त्यांच्या राहण्याजेवणाची सोय आपल्या घरांतून व्हावी. पूर्वी वार लावून शिकणाऱ्या मुलांना आपल्याच आज्या जेवू घालीत होत्या. मंडळाच्या ठेवींवरील व्याजातून दरवर्षी एक छोटी शिष्यवृत्ती माळवा, निमाड आणि खानदेशच्या मराठीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला द्यावी. तिची पहिली वर्गणी आम्ही या अंकाबरोबर कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. ते दान नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका नोटशीटवरील व्याज आहे. मुद्दल फिटण्यासारखे नाही.

आणि पुढच्या कोजागरीला त्या मुलीला आपण व्यासपीठावर बोलवावे. आपल्या आज्यांच्या तोंडी असलेले कोणते शब्द तिला निमाडात सापडले, ते तिने सांगावे आणि आपण ऐकावे. दूध आटेपर्यंत वेळ भरपूर असतो. त्या वेळी कोणी तिला पुण्याचे विचारलेच, तर आम्ही या खेपेस गप्प राहणार नाही.